हिवाळ्यात मनाली ते केलाँग: बर्फापेक्षा ‘पाला’ म्हणजे रस्त्यावर गोठलेल्या पाण्यापासून जपा

मनाली ते केलाँग अंतर साधारण ७० किलोमीटर. अटल बोगद्यामुळे रोहतांगचा घाट टळतो आणि ४६ किलोमीटर वाचतात, त्यामुळे जानेवारीतही हा रस्ता सोपा समजला जातो. आभाळ निरभ्र असेल तर तो सोपा असतोही, पण ऊन आल्यावर. पहाटे निघायची मैदानी सवय इथे उपयोगाची नाही. दहाच्या सुमारास मनाली सोडावी आणि चारच्या आत मुक्काम गाठावा. दिवसा वितळलेलं पाणी ऊन गेलं की रस्त्यावर गोठतं. हाच तो ‘पाला’, काचेसारखा पातळ बर्फाचा थर.

सोलांगच्या पुढे धुंदीकडे, म्हणजे बोगद्याच्या दक्षिण तोंडाकडे, चढताना तो सावलीतल्या वळणांवर भेटतो. डांबर नुसतं ओलं दिसतं. पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नसेल तर ती ओल नाही, बर्फ आहे. अशा जागी ब्रेक, क्लच, ॲक्सिलरेटर यांपैकी कशालाही झटका नको. वेग वळणाआधीच कमी करा. उतार दुसऱ्या, गरज पडल्यास पहिल्या गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड घ्या. मागचा भाग घसरला तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढून, जायचं त्या दिशेला हलकेच स्टिअरिंग वळवा. एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) असेल तर आणीबाणीत ब्रेक पूर्ण दाबून धरा, पंप करू नका. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. नियमही तोच आहे आणि चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलत नाही.

बर्फ पडला की पोलीस बहुधा ४×४ (चारही चाकांना इंजिनाची ताकद जाणाऱ्या) किंवा टायरना बर्फासाठीच्या लोखंडी चेन लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. दिसायला एसयूव्ही असलेल्या पुष्कळ गाड्या टू-व्हील ड्राइव्ह असतात, हे आधी तपासा. ४×४ चढायला मदत करते, थांबायला नाही.

चेन ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते त्यांनाच लागतात, म्हणजे बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या. सपाट जागी हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, चेनचा गुंता सोडवून ती टायरवर पसरा. आतला हूक आधी, बाहेरचा नंतर. गाडी अर्धं चाक पुढे घेऊन उरलेली चेन ओढा, ५०-१०० मीटर जाऊन पुन्हा आवळा. हा सराव घरीच करा. गोठलेल्या बोटांनी पहिल्यांदा जमत नाही. वेग ३० च्या आत ठेवा. कोरडं डांबर लागताच चेन काढा, नाहीतर तुटलेली कडी मडगार्ड फोडते.

बोगदा ९.०२ किलोमीटरचा. आत थांबणं, ओव्हरटेक करणं नाही. बाहेर पडताना काच धुकटते, म्हणून आतच एसी आणि डिफॉगर सुरू करा. उत्तर तोंडाशी चंद्रा नदीवरचा पूल आहे. पुलाला खालूनही गार वारा लागतो, तो रस्त्याआधी गोठतो. तोंडाजवळच्या उतारांवर आणि नाल्यांत हिमस्खलन होतं. फोटोसाठीही तिथे थांबू नये.

डिझेल गाडी असेल तर मैदानातलं डिझेल लाहौलच्या, म्हणजे केलाँगच्या भागातल्या, थंडीत घट्ट होऊन फिल्टरमध्ये अडकतं. टाकी अर्ध्यावर आणा आणि केलाँगच्या आठेक किलोमीटर अलीकडे, तांडीच्या पंपावर, हिवाळी (थंडीत न गोठणारं) डिझेल आहे का विचारून भरा. टाकीखाली जाळ करण्याच्या सल्ल्याला हात जोडा. कूलंट निम्मं, पाणी निम्मं हवं. नुसतं पाणी गोठलं तर इंजिन ब्लॉक फुटतो. टायरचा दाब सकाळी थंड टायरवर मोजा, दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआय उतरतो.

रात्री हँडब्रेक लावू नका, ओले ब्रेक गोठून चाक अडकतं. पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये गाडी ठेवा, चाकांना दगड लावा, वायपर उभे करा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतलं तर काच तडकते. प्लास्टिकची पट्टी घेऊन खरवडा. बर्फात अडकून इंजिन चालू ठेवायचं असेल, तर आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ उकरा आणि खिडकी बोटभर उघडी ठेवा. धूर आत शिरला तर झोपेतच जीव जातो.

परतीच्या दिवसासाठी हवामान खात्याने पश्चिमी झंझावाताचा (पश्चिमेकडून येऊन डोंगरांत बर्फ पाडणाऱ्या हवामानाचा) इशारा दिला असेल तर एक दिवस आधीच मनालीत उतरा. एकदा रस्ता बंद झाला की बीआरओने (सीमा रस्ते संघटनेने) तो मोकळा करेपर्यंत केलाँगमध्येच बसावं लागतं.