पाचवा उद्गार

मी एकोणीस वर्षांचा असताना आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाने प्रत्येक सभासदाला एक वही दिली होती. तिच्यात तीन रकाने आखलेले होते : दिनांक, वाटलेल्या धर्मप्रचाराच्या पत्रिका आणि ज्यांच्याशी बोललो त्यांची संख्या. महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपासनेनंतर या वह्या गोळा होत आणि ज्याचे आकडे मोठे असत त्याचे कौतुक होई. मी नगरच्या बस स्थानकावर उभा राहून एका दुपारी शंभर पत्रिका सहज संपवीत असे. लोक त्या घेत, कारण फुकट मिळालेला कागद नाकारण्याइतका वेळही कोणाला नसतो. एकदा स्थानकाबाहेरच्या गाडीवर शेंगदाणे घेतले, तेव्हा ज्या पुडीतून ते मिळाले ती मीच सकाळी वाटलेल्या पत्रिकेची होती. दाणे खाऊन झाल्यावर मी ती उलगडून वाचली. चार पाने मजकूर होता, त्यात वाचणाऱ्याला विचारलेला एकही खरा प्रश्न नव्हता. जे प्रश्न होते त्यांची उत्तरे खालच्याच ओळीत छापलेली होती.

त्या वहीबद्दल आज मला राग नाही, पण संकोच जरूर वाटतो. अनोळखी माणसाला आपल्या श्रद्धेविषयी सांगणे हे ख्रिस्ती माणसाला टाळता येण्यासारखे नाही, असे मी आजही मानतो. ज्याला आपण सुवार्ता म्हणतो ती स्वतःपाशी दडवून ठेवली तर तिला वार्ता म्हणण्यात काय अर्थ आहे? प्रश्न आहे तो सांगण्याच्या रीतीचा. बस स्थानकावर मी उभा राहत असे तो देणारा म्हणून, आणि समोरच्याला मी आपोआपच घेणारा ठरवून टाकत असे. त्याच्यापाशी माझ्यासाठी काही असू शकेल ही शंकाही मला शिवलेली नव्हती.

मराठी ख्रिस्ती माणसाने हा विचार करताना नारायण वामन टिळकांच्या आगगाडीतल्या प्रवासाकडे परत परत गेले पाहिजे. 1893 साली टिळक नोकरीच्या निमित्ताने नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. टिळक तेव्हा कवी म्हणून आणि संस्कृतचे जाणकार म्हणून ओळखले जाऊ लागले होते, आणि त्या गृहस्थांनी बोलणे काढले ते संस्कृत काव्याविषयी. ख्रिस्ताचा विषय नंतर आला. उतरण्यापूर्वी त्यांनी टिळकांना बायबल दिले आणि ते मनापासून वाचलेत तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. हे भाकीत मला फारसे रुचत नाही. त्यात माझ्या त्या वहीचा थोडा वास येतो. परंतु त्याच्या आधीचे संभाषण मला विलक्षण वाटते. जो मनुष्य काही सांगायला आला होता तो आधी ऐकत बसला, आणि तेही ज्या विषयात समोरचा आपल्यापेक्षा थोर आहे त्या विषयात. टिळकांनी शब्द दिला होता म्हणून ग्रंथ हाती धरला, सुरुवातीला त्यांना तो रुचला नाही, आणि पुढे येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर मात्र त्यांना तो सोडवेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा बाप्तिस्मा त्यानंतर पाच वर्षांनी, 1900 मध्ये झाला. मधल्या वर्षांत त्या घराने काय सोसले ते लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचलेल्यांना सांगायला नको. आगगाडीतल्या काही तासांच्या गप्पांची किंमत कधीकधी दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते, हेही सुवार्ता सांगणाऱ्याने विसरता कामा नये.

योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय आम्हांला रविवारच्या शाळेपासून पाठ आहे. येशू भर दुपारी, प्रवासाने थकून, सुखार गावाजवळच्या याकोबाच्या विहिरीपाशी बसलेला असतो आणि पाणी भरायला आलेल्या, यहूदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत अशा शोमरोनी लोकांतल्या एका स्त्रीला म्हणतो, 'मला प्यायला पाणी दे.' जिवंत पाण्याविषयीचे सगळे बोलणे त्यानंतरचे. मी लहान असताना हे पहिले वाक्य मला निव्वळ प्रस्तावनेसारखे वाटे. ते तसे नाही, हे मला घरातल्याच एका गोष्टीने शिकवले.

आमचे घराणे नगर जिल्ह्यातले. माझ्या पणजोबांना गावच्या विहिरीच्या काठावर चढता येत नव्हते. खाली थांबायचे, कोणी वरून पोहऱ्याने पाणी ओतले तर ओंजळ पुढे करायची, नाहीतर तसेच परतायचे. त्यांच्या घागरीतले पाणी कोणी मागण्याचा तर प्रश्नच नव्हता. मिशनच्या उपदेशकाने त्यांच्या झोपडीपुढे बसून पहिल्याच भेटीत पाणी मागितले आणि ते पणजीच्या हातून घेऊन प्यायले, ही आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा आहे. त्या उपदेशकाने पुढे काय उपदेश केला ते मात्र कोणालाही आठवत नाही. शाळेत मला 'तुमच्या लोकांनी दुष्काळात धान्यासाठी धर्म बदलला' असे ऐकवले जाई. दुष्काळ खराच होता, मिशनने अन्न दिले हेही खरे, आणि भुकेल्या माणसाच्या मनात त्या वेळी काय काय मिसळले असेल त्याचा नीट हिशेब आज कोणालाही करता येणार नाही. परंतु आमच्या घराने जपून ठेवलेली आठवण मिळालेल्या धान्याची नाही, कोणीतरी मागितलेल्या पाण्याची आहे.

शोमरोनी स्त्रीलाही नेमका त्याचाच अचंबा वाटतो. तुम्ही यहूदी असून माझ्याजवळ पाणी कसे मागता, असे ती विचारते, आणि थोड्या वेळाने चांगलीच सुनावते की तुमच्यापाशी पोहरा नाही आणि विहीर खोल आहे. (येशूला ते पाणी शेवटी मिळाले की नाही हे योहानाने कोठेही लिहिलेले नाही. ती घागर तेथेच टाकून गावात गेली, एवढेच आपल्याला कळते.) ज्याच्यापाशी पोहरा नाही त्याला समोरच्याची गरज असते, आणि ज्याला समोरच्याची गरज आहे त्याला 'नाही' म्हणण्याची मोकळीकही समोरच्याला असते.

ही मोकळीक मला अलीकडे फार महत्त्वाची वाटू लागली आहे. आपल्या संविधानाच्या 25व्या अनुच्छेदाने धर्माच्या आचरणाबरोबर प्रचाराचाही हक्क दिला आहे. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आमच्यातले काहीजण या निकालाबद्दल कुरकुरतात. मला स्वतःला तो श्रद्धेच्या दृष्टीनेही जाचक वाटत नाही, कारण माणसाचे मन पालटणे हे पवित्र आत्म्याचे काम आहे असे आम्हीच दर रविवारी म्हणत असतो. म्हणून काही पथ्ये मी स्वतःपुरती ठरवून घेतली आहेत. माझ्या हाताखाली काम करणाऱ्याशी मी होऊन हा विषय काढत नाही. ज्याला पैशाची किंवा ओळखीची मदत केली त्याच्याशी तर नाहीच नाही. आणि रुग्णालयातल्या खाटेवर पडलेल्या, उठून जाऊ न शकणाऱ्या माणसाशीही नाही. बसमधल्या शेजाऱ्याला निदान खिडकीबाहेर बघण्याची सोय असते.

दोन-तीन वर्षांपूर्वी उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या दिवशी मी शिवाजीनगरहून नगरच्या एसटीत बसलो. दुसऱ्या दिवशी बारा ते तीनच्या उपासनेत वधस्तंभावरील सात उद्गारांवर सातजण बोलणार होते आणि पाचवा उद्गार माझ्या वाट्याला आला होता. त्याची टिपणे मांडीवर घेऊन मी निघालो, पण पाण्याची बाटली घरीच राहिली. वाघोलीच्या कोंडीत गाडी अर्धा तास उभी राहिली तेव्हा घशाला कोरड पडली. शेजारी गळ्यात तुळशीची माळ घातलेले एक वृद्ध गृहस्थ होते. चैत्री वारी करून, पुण्याला मुलीकडे चार दिवस राहून ते सुप्याजवळच्या आपल्या गावी चालले होते. त्यांच्या पायांशी ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली होती.

"बाबा, घोटभर पाणी मिळेल का?" मी विचारले.

त्यांनी फडके सोडून बाटली दिली. मी सवयीने मान मागे करून वरून पिऊ लागलो, तोच ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि पाणी सदऱ्यावर सांडले.

"तोंड लावून प्या, माऊली. सांडतंय कशाला," ते म्हणाले.

मी बाटलीला तोंड लावून प्यायलो. त्यानंतर नेहमीप्रमाणे गाव, आडनाव, नोकरी झाले. आडनाव ऐकून ते ख्रिस्ती असेल असे कोणालाच वाटत नाही, म्हणून मी ख्रिस्ती असल्याचे सांगितले, आणि नगरला कशासाठी निघालो आहे तेही. यावर बहुतेक लोक 'मग तुम्ही घरी इंग्रजी बोलता का' असे विचारतात. बाबांनी तसे काही विचारले नाही.

"उद्या काय असतंय तुमचं?"

मी मांडीवरचे कागद घडी घालून पिशवीत ठेवले आणि साध्या शब्दांत सांगितले की येशूला वधस्तंभावर खिळले तो हा दिवस, मरण्यापूर्वी तो सात वेळा बोलला, आणि त्यातले पाचवे बोलणे 'मला तहान लागली आहे' एवढेच आहे.

"मग दिलं का कुणी पाणी?"

मी तीन रात्री बसून टिपणे काढली होती. त्यात स्तोत्रसंहितेचे संदर्भ होते, भविष्यवाणीची पूर्तता होती. हा प्रश्न मात्र नव्हता. मी म्हणालो, "नाही. स्पंज आंबट द्राक्षारसात बुडवून काठीवरून तोंडाला लावला."

बाबा कितीतरी वेळ जिभेने चुकचुकत राहिले. "तहानलेल्याला पाणी द्यावं की वो," ते म्हणाले, जणू काही आत्ताच कोणी त्यांच्यासमोर नाही म्हटले होते. मग त्यांनी तो कोण होता, त्याचा गुन्हा काय होता, आई तेथे होती का, असे एकेक विचारायला सुरुवात केली, आणि शिक्रापूर ते शिरूर मी त्यांच्या प्रश्नांची उत्तरे देत गेलो. मध्येच मी त्यांना वारीबद्दल विचारले. चाळीस वर्षांत दोनच आषाढ्या चुकल्या, त्यांतली एक मुलगा गेला त्या वर्षी, असे त्यांनी सांगितले. तुमच्यात अभंग म्हणतात का, असे त्यांनी विचारल्यावर मी टिळकांची हकीकत सांगितली, तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते म्हणत हेही सांगितले. बाबांनी टिळकांचे नाव कागदावर लिहून मागितले. नातू कॉलेजात आहे, तो शोधील म्हणाले. मी टिपणांच्याच एका कागदाचा कोपरा फाडून नाव लिहून दिले, आणि त्यांनी ती चिठ्ठी चंचीत तंबाखूशेजारी ठेवली.

सुपे जवळ आले तसे त्यांनी पिशवीतून पुडी काढली आणि चिमूटभर चुरमुरे व एक बत्तासा माझ्या हातावर ठेवला. "पांडुरंगाचा प्रसाद. तुम्हाला चालतो का न्हाई, ठावं न्हाई. न्हाई चालला तर राहू द्या."

समोर वाढलेले खुशाल खा, पण हे देवाला अर्पण केलेले आहे असे कोणी सांगितले तर खाऊ नका, असे प्रेषित पौलाने करिंथ गावच्या ख्रिस्ती लोकांना लिहिले आहे, आणि आमच्या घरात ते काटेकोरपणे पाळले जाते. मी हात मिटून घेतला आणि त्यांना खरे ते सांगितले. ते हसले, "बरं, बरं" म्हणाले आणि धोतर सावरत उतरून गेले. चुरमुरे मी सदऱ्याच्या खिशात ठेवले, कारण ते खिडकीबाहेर टाकणे मला शक्यच नव्हते.

दुसऱ्या दिवशी पाचव्या उद्गारावर मी ठरल्यापेक्षा निम्माच वेळ बोललो. रविवारी पुनरुत्थानाची उपासना झाल्यावर घरी आलो तर आईने धुवायला काढलेल्या सदऱ्याचा खिसा उलटा करून चुरमुरे वाटीत काढून ठेवले होते. बत्तासा घामाने विरघळला होता. हे कुठले, असे तिने विचारले, तेव्हा मी तिला सारे पहिल्यापासून सांगितले. तिने शेवटी एवढेच विचारले, "त्यांच्या बाटलीतलं पाणी संपवलंस की ठेवलंस त्यांच्यासाठी?"