पार्किन्सन्स, मी आणि एक किलोचा पट्टा

पार्किन्सन्सचं निदान झालं तेव्हा जो तो चालायला सांगत होता. चालत होतेच मी. गोळ्यांनी हाताचा कंपही बराच आटोक्यात होता. पण खोल सोफ्यातून उठताना कुणीतरी हात द्यावा लागायचा, एसटीची पायरी चढताना मांड्यांत जीवच नसायचा. न्यूरोलॉजिस्टना हे सांगितलं, तर त्यांनी फिजिओथेरपीला पाठवलं.

फिजिओताईंनी आधी माझी पाठ बघितली. या आजारात माणूस पुढे वाकत जातो, म्हणून जे स्नायू आपल्याला ताठ उभं ठेवतात त्यांना आधी बळ द्यायचं, असं त्या म्हणाल्या. पाठ, नितंब, मांडीची पुढची बाजू, दंडाची मागची बाजू.

सुरुवात खुर्चीपासून. खुर्ची भिंतीला टेकवलेली. कडेपर्यंत सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतकं वाकायचं आणि मोठ्याने आकडे म्हणत उठायचं. आकडे म्हटले की श्वास कोंडला जात नाही. बसताना धपकन नाही, अगदी सावकाश. मांड्यांची खरी परीक्षा खाली येतानाच होते!

व्यायाम गोळी लागू झाल्यावरच करते, अंग मोकळं असतं तेव्हा. आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस विश्रांती. दहा ते पंधरा वेळा करायचं, शेवटचे दोन-तीन जड जायलाच हवेत. पंधरा सहज जमले की डंबेल्सचं किंवा पायाला बांधायच्या पट्ट्याचं वजन वाढवायचं. हे वाढवणं मला फार मोलाचं वाटतं. शिकागोमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2013 मध्ये आले. त्यात 48 रुग्णांचे दोन गट होते, दोन्ही गट दोन वर्षं आठवड्यातून दोनदा व्यायाम करत होते. एका गटात ताण देण्याचे, तोल सांभाळण्याचे आणि हलके व्यायाम, दुसऱ्यात वजन वाढवत नेलेलं. औषधाचा अंमल नसताना तपासलं, तेव्हा दुसऱ्या गटाच्या हालचाली जास्त चांगल्या होत्या. ताईंनी हे सांगितल्यापासून डंबेल्सची भीती गेली.

उभं राहिल्यावर माझं बीपी कधी कधी उतरतं, म्हणून हे शेजारी थांबतात आणि प्रत्येक प्रकारानंतर मी जरा बसते. तुम्हालाही चक्कर येत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजनाला हात लावू नका.

आता पायाला एक किलोचा पट्टा बांधते आणि एसटीत दांडा धरून एकटी चढते. पडले तर जमिनीवरून स्वतःचं स्वतः कसं उठायचं, हे ताई आता शिकवणार आहेत.