दोन रंगांच्या लोगोत १,९४३ रंग

परवा एका मित्राने लोगो पाठवला, काळ्या टी-शर्टवर छापायचा म्हणून. पांढऱ्या चौकोनात निळी अक्षरं, बास. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन करावी लागते त्यामुळे "नक्की दोनच रंग आहेत ना?" हा प्रश्न आधी सुटायला हवा होता. मी म्हटलं दिसतंय की, दोनच आहेत. पण सवय वाईट असते, कुठलीही गोष्ट टर्मिनलमध्ये (म्हणजे जिथे कमांड टाइप करून कॉम्प्युटरकडून काम करून घेतात तिथे) तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही.

यासाठी मी इमेजमॅजिक वापरतो. चित्रं तपासायचं आणि बदलायचं जुनं टूल आहे, जॉन क्रिस्टी यांनी १९८७ मध्ये ड्यूपाँ कंपनीत काम करताना लिहिलं आणि १९९० मध्ये ते सगळ्यांसाठी फुकट खुलं झालं. त्यातली आयडेंटिफाय कमांड घ्यायची, पुढे डॅश फॉरमॅट, अवतरणचिन्हात टक्क्याचं चिन्ह आणि एक छोटा के, आणि शेवटी फाईलचं नाव. एंटर मारला की एकच आकडा येतो, चित्रात एकमेकांपेक्षा वेगळे असे किती रंग आहेत तो.

आला १,९४३.

मला वाटलं फाईल चुकली. पुन्हा चालवलं, तेच. मग फोटो झूम करून करून पाहिला, तरी डोळ्याला निळा आणि पांढराच. आता डोळा खोटा की टूल खोटं?

दोघंही खरे असतात, ही यातली खरी गंमत. टूलला "निळा" वगैरे काही कळत नाही, त्याच्यासाठी रंग म्हणजे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला, आणि तिघांपैकी एक जरी एकाने इकडचा तिकडे झाला तरी तो नवीन रंग. अशी एकूण १,६७,७७,२१६ कॉम्बिनेशन्स होतात. तेव्हा नुसता आकडा बघून डोक्याला हात लावण्यात अर्थ नाही, कुठला रंग किती पिक्सेलमध्ये आहे ते बघायला हवं. त्याला हिस्टोग्राम म्हणतात. तो टेक्स्टमध्ये बाहेर काढायचा, पाइप टाकून (म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देऊन) सॉर्ट या क्रम लावणाऱ्या कमांडला द्यायचा (डॅश आर एन, म्हणजे मोठा आकडा वर), आणि हेड कमांडने वरच्या दहा ओळी घ्यायच्या.

माझ्या स्क्रीनवर पहिली ओळ: २,६८,४१० पिक्सेल, (२५५,२५५,२५५), म्हणजे शुद्ध पांढरा. दुसरी: ७१,२२२ पिक्सेल, (०,५१,१५३), म्हणजे #००३३९९ (तेच तीन आकडे सोळा-आधारी पद्धतीत लिहिलेले), आपला निळा. फोटो ६०० बाय ६०० चा, म्हणजे ३,६०,००० पिक्सेल, त्यातले शंभरातले चौऱ्याण्णव या दोन ओळींतच संपले. उरलेले १,९४१ रंग म्हणजे चिल्लर. (०,५२,१५४) असला निळ्याचा सख्खा शेजारी, (२५४,२५५,२५५) असला पांढऱ्याचा शेजारी, आणि खाली खाली जावं तर एकेका पिक्सेलपुरते जन्माला आलेले रंग.

हे आले कुठून? फाईलच्या नावाकडे बघितलं तर शेवटी जेपीजी. तिथेच सगळं कळलं. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्यातली बारीकसारीक माहिती गाळून टाकतं, त्यामुळे ज्या तुकड्यात अक्षराची कड येते तिथे कडेभोवती धुरकट डाग पडतात. डोळ्याला जाणवतही नाहीत पण मोजणारा एकेक डाग मोजतो. मित्राकडून मूळ पीएनजी मागवली, तिच्यात १८७ निघाले. हे कमी असले तरी दोन नाहीतच, कारण अक्षराची कड गुळगुळीत दिसावी म्हणून मधल्या पिक्सेलना निळ्या-पांढऱ्याचं मिश्रण दिलेलं असतं, अँटी-एलियसिंग म्हणतात ते. पण ही मिश्रणं मुद्दाम केलेली, जेपीजीची ती घाण.

सगळे रंग डोळ्यांनी बघायचे असतील तर युनिक-कलर्स नावाचा ऑप्शन आहे, तो प्रत्येक रंगाचा एकच पिक्सेल ठेवून एक पिक्सेल उंचीची पट्टी करून देतो. स्केलने मोठी केली की पीएनजीची पट्टी निळ्यातून पांढऱ्यात अलगद सरकताना दिसते. मला हे बघायला जाम आवडतं, कामाला शून्य उपयोग.

आता खरोखर दोन रंग करायचे होते. पहिला प्रयत्न कलर्स २ या ऑप्शनने, आणि निळा आला पण माझा निळा नाही, जरा फिकट, कारण टूल आसपासच्या छटांचा गट करून स्वतःच रंग ठरवतं. वर डिदर (मधल्या छटांचा भास व्हावा म्हणून उपलब्ध रंगांचे ठिपके मिसळणं) चालू राहिल्यामुळे कडांवर ठिपके ठिपके. ते बंद करायला प्लस डिदर लिहायचं. हो, प्लस म्हणजे बंद आणि मायनस म्हणजे चालू, हे ज्याने ठरवलं त्याला माझा कोपरापासून नमस्कार. शेवटी दोनच पिक्सेलची एक छोटी फाईल केली, एक पांढरा एक #००३३९९, आणि प्लस डिदर देऊन रीमॅप या ऑप्शनला सांगितलं की या दोघांतलाच जो जवळ असेल तो घे. मग सेव्ह केलं, मोजलं, पुन्हा शेकड्यात आकडा! पाच मिनिटं टूलला शिव्या घातल्या, मग दिसलं की सवयीने आउटपुटचं नाव पण जेपीजीच दिलं होतं. पीएनजी केल्यावर २. कडा जराशा करवतीसारख्या झाल्या, मोठ्या साईजमध्ये करायला हवं होतं, ते दुसऱ्या दिवशी २,४०० पिक्सेलच्या फाईलवर केलं तेव्हा ठीक वाटलं.

एक लक्षात ठेवा, पारदर्शक भाग असलेल्या पीएनजीत तोच निळा अर्धवट पारदर्शक असेल तर तो वेगळा रंग म्हणून मोजला जातो, त्यामुळे मोजण्याआधी मागे एक पक्का रंग टाकून चित्र सपाट करून घ्या.

आणि छोट्या चित्राचा आकार मोठा केलात की मोजणी परत वाढणार, कारण मोठं करताना नवे पिक्सेल शेजाऱ्यांची सरासरी काढून भरले जातात. सॅम्पल हा ऑप्शन वापरला तर आहे तोच पिक्सेल जसाच्या तसा उचलला जातो, त्यामुळे नवा रंग तयार होत नाही.

रात्री सहज म्हणून घरातल्या कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला आणि त्यालाही मोजायला लावलं. साडेसहा हजारांच्या वर आले. पहिल्या नंबरवर कसलातरी राखाडी होता, पांढरा वरच्या दहात नव्हताच.