‘रात्र’ शाडूत : पाचव्या रविवारची नोंद

साचा फोडला. घुबडाच्या एका पंखाचं टोक गेलं, बाकी सगळं शाबूत.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: डॅनिश शिल्पकार बर्टेल थॉर्वाल्डसनच्या ‘रात्र’ या गोल उठावशिल्पाची नक्कल करतोय. मूळ १८१५ चं, रोममध्ये घडलेलं, व्यास साधारण ८० सेंटीमीटर. माझी चकती ३२ ची, कारण गॅलरीत याहून मोठा पाट मावत नाही. पंख असलेली एक बाई मान खाली घालून तरंगत चालली आहे, कुशीत दोन झोपलेली पोरं, केसांत अफूची फुलं, मागे पंख पसरून थेट आपल्याकडे बघणारं घुबड. बाकी सगळी पाटी कोरी. हे त्यानं एका दिवसात केलं असं सांगतात. मला पाच रविवार लागले, शिवाय मधल्या दोन रात्री.

पहिले दोन रविवार वायाच गेले म्हणा ना. दर वर्षी गणपती करणारा हात हा, गोलाई दिसली की फुगवायला बसतो. बाईचा खांदा, पोरांची डोकी, सगळं मस्त गुबगुबीत झालं. मग बाजूनं टेबललॅम्प लावला, तर तिच्या दंडाची सावली एका पोराच्या तोंडावरच पडलेली. पोर गायब! पाटीपासून सगळ्यात उंच जागा मोजली तर २२ मिलिमीटर. तारेच्या कोरणीनं खरवडत खरवडत १४ वर आणली, तेव्हा कुठे चित्र सुटं झालं.

खरी गंमत पुढे आहे. नुसती उंची कमी करून भागत नाही. फोटो मोठे करून पाहिले तेव्हा कळलं की त्यानं जवळपास सगळे उंचवटे एकाच पातळीत ठेवलेत, जणू वरून काच ठेवली तर ती खांद्याला, गुडघ्याला, पोराच्या डोक्याला एकदमच टेकेल. आणि कडा मात्र मागे किंचित आत वळवलेल्या, म्हणजे बाह्यरेषेला बारीक काळी सावली मिळते. तरंगल्याचा भास त्या सावलीतून येतो, पंखांतून नाही. पंख तर मी आधीच्या प्रयत्नातही केले होते, तरी बाई दगडासारखी खाली चालली होती. सरांना फोटो पाठवला तर म्हणाले, “अरे, तिला मान खाली घालू दे, तू तिला खाली पाडतोयस.” मान तीन वेळा कापून पुन्हा बसवली.

ही शिस्त त्याच्यात आली कुठून, हे शोधताना त्याचं सगळं आयुष्यच वाचून काढलं. जन्म १७७० चा, कोपनहेगनचा. वडील आइसलँडचे, लाकूड कोरणारे. जहाजांच्या नाळेवरच्या मूर्ती करायचे. अकराव्या वर्षी पोरगं तिथल्या कला अकादमीत, १७९३ मध्ये मोठं सुवर्णपदक, आणि मग शिष्यवृत्तीवर रोम. ८ मार्च १७९७ ला तो तिथं पोचला. ती तारीख तो पुढे आपला रोमन वाढदिवस म्हणून पाळायचा. चाळीस वर्षं तिथंच राहिला, मध्ये एकदा वर्षभर घरी जाऊन आला तेवढंच.

प्लास्टरच्या खर्चावरून कुरकुरणाऱ्यांनी (मी धरून) त्याच्या ‘जेसन’ची (ग्रीक पुराणकथेतल्या वीराचा पुतळा) गोष्ट लक्षात ठेवावी. पहिला जेसन मातीत पूर्ण झाला, पण साच्याला पैसे नव्हते. माती गेली. दुसरा आणखी मोठा केला, त्याच्या प्लास्टरचा खर्च फ्रीडरिका ब्रून या लेखिकेनं उचलला. कानोव्हासारख्या त्या वेळच्या सगळ्यात मोठ्या शिल्पकारानं वाखाणला, तरी गिऱ्हाईक येईना. १८०३ मध्ये सामान बांधून तो मायदेशी निघालाच होता. सोबत्याच्या पासपोर्टापायी निघणं लांबलं, आणि तेवढ्यात थॉमस होप नावाच्या श्रीमंत इंग्रजानं तोच जेसन संगमरवरात मागितला. आता गंमत बघा, ज्याच्यामुळे थॉर्वाल्डसन उभा राहिला त्या होपच्या हाती मूर्ती पडली १८२८ मध्ये. पंचवीस वर्षं! आमच्या गल्लीतला शिंपी बरा.

उशीर का, तर कामं इतकी वाढली. पियाझा बारबेरीनीजवळ त्याच्या कार्यशाळा होत्या. तो माती करायचा, मातीवरून प्लास्टर व्हायचं, प्लास्टरवर बिंदू मारून मापं संगमरवरात उतरवायचं काम मदतनिसांचं, आणि शेवटचा हात बहुधा त्याचा. तेनेरानी, फ्रॉइंड, बिस्सेन असे पुढे स्वतः नावारूपाला आलेले लोक त्याच्याकडे तयार झाले. कोपनहेगनच्या अकादमीनं त्याला १८०५ मध्येच प्राध्यापक नेमलं होतं, स्वारी तिकडे रोममध्ये. पण शिकवणं खऱ्या अर्थानं चालायचं ते कार्यशाळेत, दुसऱ्याचा हात चालताना बघत. हर्मन विल्हेल्म बिस्सेन तिथंच दहा वर्षं होता. पुढे तोही कोपनहेगनला प्राध्यापक झाला, आणि गुरूची अपुरी कामं मार्गी लावायची जबाबदारी मृत्युपत्रानं त्याच्यावरच आली. माझं स्पष्ट मत: थॉर्वाल्डसनच्या मोठ्या पुतळ्यांत मला कधीकधी गारठा जाणवतो, पण उठावशिल्पात त्याचा हात धरणारा त्या काळात कुणी नाही.

आता साचा. माती ओली असतानाच कडेनं मातीची भिंत घातली. प्लास्टरच्या पहिल्या पातळ हातात पिवडी (पिवळा रंग) कालवली, पुढे साचा फोडताना खूण म्हणून, आणि बोटांनी शिंपडत घातला, म्हणजे बारीक जागी बुडबुडे राहत नाहीत. वरचा हात जाड, पांढरा, मध्ये गोणपाटाच्या पट्ट्या. घट्ट झाल्यावर उलटा करून आतली माती उपसली. थॉर्वाल्डसनच्या नावावर एक वाक्य चालतं, की माती म्हणजे जीवन, प्लास्टर म्हणजे मरण आणि संगमरवर म्हणजे पुनरुत्थान. ते वाक्य मला आजवर जरा नाटकी वाटायचं. पाच रविवारांची बाई मूठमूठ होऊन बादलीत पडताना बघितली तेव्हा मात्र गप्प झालो.

आत धुऊन, साबणाचं पाणी दोनदा ब्रशनं फिरवून, प्लास्टर ओतलं. दुसऱ्या दिवशी साचा फोडायला बोथट पटाशी आणि लाकडी हातोडी. पांढरं निघत जातं तोवर निर्धास्त ठोकायचं, पिवळं दिसलं की श्वास धरून. घुबडाच्या पंखाशी मी पिवळं दिसूनही एक ठोका जास्त मारला. दोष पटाशीचा नाही. एका पोराच्या गालाला पिवडीचा डागही राहिलाय. काविळीसारखा दिसतो. पॉलिश पेपर लावायचा धीर होत नाही, कुणी ओल्या कापडानं काढलाय का?

पुढचं काम त्याचंच जोडशिल्प, ‘दिवस’. तिथं बाई मागे वळून बघते आणि खांद्याशी मशाल घेतलेलं पोर जागं असतं. म्हणजे मानेचा प्रश्न पुन्हा आलाच. या वेळी आधी १४ मिलिमीटरच्या दोन पट्ट्या पाटाच्या कडेला ठोकणार, त्यांच्यावर फूटपट्टी सरकवून बघायचं, जे अडेल ते कापायचं. बादलीतली माती मळून ओल्या फडक्यात बांधून ठेवलीय.