गिझरच्या पोटातला चुना

दुपारच्या चहाला इलेक्ट्रिक किटली लावली, की पाणी उकळायच्या आधीच तिच्या तळाशी करकर सुरू होते. झाकण उघडून पाहावं, तर तळाला राखाडी-पांढरी खपली, तिच्या कडा सुटलेल्या आणि त्या कडांखालून बुडबुडे निघताहेत. ओतताना एखादा पापुद्रा कपात येतोच. कुणी गाळून घेतं, कुणी तसाच पितं. चुनखडीच ती, पोटात गेली म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते गिझरचं, वॉशिंग मशीनचं आणि हटकून घरातल्या वरणाचं.

मुंबईला तानसा-वैतरणा-भातशाचं पाणी, पुण्याला खडकवासल्याचं. सह्याद्रीवर पडलेला पाऊस धरणात येतो तेव्हा दगडाशी गप्पा मारायला त्याला फारसा वेळ मिळालेला नसतो. म्हणून ते पाणी हलकं, साबणाला भरपूर फेस. शहराच्या कडेला नवा फ्लॅट घेतला की नळाला येतं बोअरचं किंवा टँकरचं पाणी. ते जमिनीखाली खडकाच्या भेगांमधून फिरून, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊनच वर आलेलं असतं. या दोहोंचं पाण्यातलं प्रमाण म्हणजे कठीणपणा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. 600 च्या पाण्यात तूरडाळ कुकरच्या कितीही शिट्ट्या झाल्या तरी दाण्यादाण्यानं वेगळी राहते. कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला, म्हणजे दाणा बांधून ठेवणाऱ्या घटकाला, धरून ठेवतं. चिमूटभर खायचा सोडा घातला की डाळ मऊ होते, पण बी-1 जीवनसत्त्वाचा बराच भाग त्यात जातो. डाळीपुरतं फिल्टरचं पाणी घेणं त्यापेक्षा बरं.

आता फिल्टरवाल्याच्या पेनाबद्दल. फिल्टरवाला घरी येतो, खिशातून टीडीएसचं पेन काढतो, ग्लासात बुडवतो आणि आकडा बघून चेहरा पाडतो. ते पेन विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून अंदाज देतं, कठीणपणा मोजत नाही. ग्लासभर शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकून पेन बुडवा, आकडा हजाराच्या वर जाईल आणि कठीणपणा मात्र शून्य असेल. सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा कठीणपणा काढणारं यंत्र, बसवल्यावर टीडीएस कमी झाला नाही म्हणून भांडणारे लोक असतात. तो कमी होतच नाही, कारण कॅल्शियम जाऊन त्याच्या जागी सोडियम येतं. खरा कठीणपणा कळतो थेंबांच्या किटमधून: ठरलेलं पाणी घ्यायचं, रंगद्रव्य घालून ते लालसर करायचं आणि निळं होईपर्यंत थेंब मोजत जायचं. एवढा सोपा प्रकार असताना पेनावर हजारोंचे सौदे होतात.

थर बसतो तो मुख्यतः पाणी तापवल्यामुळे. पाण्यातलं कॅल्शियमचं बायकार्बोनेट गरम झालं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे चुनखडी उरते. 60 अंशांच्या पुढे हे फार झपाट्यानं होतं. पूर्वीच्या तांब्याच्या बंबातही थर बसायचाच. पण तिथे जाळ होता लाकडांचा, जळून जायला कॉइल नव्हती. आपल्याकडे गिझरचा काटा 75 वर ठेवायचा आणि मग बादलीत निम्मं गार पाणी मिसळायचं, ही पद्धत काही केल्या सुटत नाही. काटा 50-55 वर आणला तर एक रुपयाही न खर्चता थर बराच कमी बसतो. हिशेबच करायचा तर 300 मिलिग्रॅम कठीणपणाचं 60 लिटर पाणी रोज तापवलं, तर त्यातून दिवसाला 18 ग्रॅम क्षार जातात, वर्षाला साडेसहा किलोच्या वर. त्यातला दहावा हिस्सा जरी आत राहिला, तरी साडेसहाशे ग्रॅम चुना कॉइलवर आणि टाकीच्या तळाशी. मग कॉइलची उष्णता बाहेर पडत नाही, ती आतल्या आत तापते आणि एके दिवशी जाते.

गिझर उघडायचा तर आधी एमसीबी (गिझरच्या विजेचं मुख्य बटण) बंद, मग आत येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद, मग टाकी रिकामी. खालच्या प्लेटचे बोल्ट काढले की कॉइल आणि टाकीऐवजी स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा रॉड हातात येतो. लिटरभर कोमट पाण्यात 100 ग्रॅम लिंबूसत्त्व घालून कॉइलचा फक्त तापणारा भाग त्यात बुडवायचा, फसफस थांबेपर्यंत. वायरींच्या टोकांना पाणी लागू द्यायचं नाही. रॉड पेन्सिलीएवढा बारीक झाला असेल तर नवा घालायचा, गॅस्केट तर नवंच. आणि गरम पाण्याच्या नळाला सलग धार आल्याशिवाय बटण दाबायचं नाही. रिकाम्या टाकीत कॉइल मिनिटांत जळते. टाकीतला जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्याला बूच मारणारे प्लंबर आहेत, त्यांना दारातूनच परत पाठवावं.

संडास साफ करायचं ॲसिड इथे नको. त्यानं धातू खाल्ला जातो. लिंबूसत्त्वही खाली सांडू द्यायचं नाही, कारण शहाबादी फरशी, कडप्प्याचा ओटा, संगमरवर हे सगळे जातीनं चुनखडीचेच. जे ॲसिड थर खातं, ते ओटाही खातं. कडप्प्यावर पडलेल्या थेंबाचा भुरकट डाग कितीही पुसला तरी जात नाही.

वॉशिंग मशीनला दोन-तीन महिन्यांनी 100 ग्रॅम लिंबूसत्त्व ड्रममध्ये टाकून, कपड्यांशिवाय, 60 अंशांवर एक फेरी. त्याच फेरीत ब्लीच अजिबात नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. पाण्याच्या पाइपच्या तोंडाची बारीक जाळी मात्र कुणी काढून बघत नाही आणि मशीन पाणी घेत नाही म्हणून मेकॅनिकला फोन जातो. डिशवॉशरमध्ये त्याचं जाड मीठच घालायचं, खायचं आयोडीनचं बारीक मीठ नाही.

हल्ली मोठ्या सोसायट्या गच्चीवर किंवा बेसमेंटमध्ये सगळ्यांसाठी एकच सॉफ्टनर बसवतात. फ्लॅटमध्ये थर बंद होतो, शॉवरची भोकं मोकळी राहतात, सगळे खूश. त्यातलं रेझिन, म्हणजे कॅल्शियम धरणारे बारीक मणी, ठरावीक दिवसांनी मिठाच्या पाण्यानं धुवावं लागतं, त्याला मिठाची पोतीच्या पोती लागतात. काढलेलं सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियम आणि उरलेलं मीठ ड्रेनेजला जातं. जिथे ड्रेनेज लाइनच आलेली नाही, तिथे ते शेजारच्या ओढ्यात सोडतात आणि ओढ्याच्या काठावर गावाची विहीर असते.