आमची वाटचाल : सरांचा आलेख आणि लाल वायर

स्टील तापवून कडक करायच्या आमच्या भट्टीवर आज जे काही चालतं, त्यातलं निम्मं कॉलेजात धातुशास्त्र शिकवणाऱ्या सरांचं आहे. चार्जच्या (भट्टीत एका वेळी घातलेल्या मालाच्या) वहीतले रकाने त्यांचे. रॉकवेलवर, म्हणजे हार्डनेस (कडकपणा) मोजायच्या मशीनवर, जॉब ठेवण्याआधी अॅन्विलवरून (खालच्या बैठकीवरून) अंगठा फिरवायची सवय त्यांची. खाली बारीकशी चिप राहिली तरी जॉब दाबाखाली बसतो आणि हार्डनेस उगाच कमी दिसतो. आणि कॉलेजच्या जर्नलमधला एक आलेख त्यांचा, ज्याच्यामुळे ही फर्म बुडता बुडता राहिली.

पहिल्या भट्टीपासून तिसऱ्या भट्टीपर्यंतची वर्षं सरळ गेली. सांगायचं आहे ते भट्टीचं तापमान दाखवणारं पॅनेल हलवल्यानंतरच्या चार महिन्यांचं.

पॅनेल भट्टीच्या शेजारी होतं, धूळ आणि उष्णता खात. ते लांबच्या एसी केबिनमध्ये नेलं आणि भट्टीतलं तापमान मोजणाऱ्या दोन तारांच्या थर्मोकपलपासून तिथपर्यंत नवी केबल ओढली. पुढच्या आठवड्यात डी-२ या टूल स्टीलच्या डाय (प्रेसवरचे साचे) नरम निघायला लागल्या. क्वेंचनंतर, म्हणजे तापवून थंड केल्यावर, ६२-६३ एचआरसी (रॉकवेलचं एकक) हवा, येत होता ५७. अशा वेळी सगळे करतात तेच आम्ही केलं : भट्टी थंड पडतेय असं धरून सेटिंग १०२० वरून १०४० वर नेलं. हार्डनेस आणखी उतरला, ५५. मग स्टीलला दोष दिला. स्टीलवाल्यानं सर्टिफिकेट पुढे केलं, ते बरोबर होतं. गेलेल्या डाय ग्राइंडिंगला तडकल्या, काही प्रेसवर चढल्यावर मापात वाढल्या. शेजारच्या भट्टीवाल्यानं बाजारात पसरवलं की यांची भट्टी बसली. मोठ्या पार्ट्या महिन्याभरात त्याच्याकडे गेल्या. (त्याच्याकडे तडकलेले जॉब पुढे दुरुस्तीला कुठे आले, तो विषय इथे नको.)

एक प्रेसटूलवाले काका तेवढे थांबले. त्यांनी त्याच सळईचे चार तुकडे कापून आणून दिले आणि म्हणाले, डाय नको, आधी हे कर.

तेव्हा जर्नल काढलं. सर डी-२ चे सारख्या मापाचे तुकडे ९५० ते ११०० अंशांपर्यंत वेगवेगळ्या तापमानांना तापवायला लावत, हवेत थंड करून हार्डनेस आलेखावर मांडायला लावत. वर्गाला सरळ चढती रेघ अपेक्षित असे. निघे डोंगर : १०२०-१०४० च्या आसपास शिखर, पुढे उतार. तापमान जास्त झालं की कार्बाइड (स्टीलमधले कडक कण) नको तितकी विरघळतात, ऑस्टेनाइट (तापलेल्या स्टीलची रचना) इतकं स्थिर होतं की क्वेंचमध्ये त्यातलं बरंच न बदलता राहतं, आणि ते मऊ असतं. मग सर ५७ वर आडवी रेघ मारायला लावत. ती डोंगराला दोन ठिकाणी कापते. हार्डनेस एकच, तापमानं दोन. कमी हार्डनेस म्हणजे थंड भट्टी, असं पेपरात लिहिणाऱ्याचे गुण ते सरळ कापायचे.

आपण कुठल्या उतारावर आहोत ते कळायला सोपी परीक्षा आहे. कडक केलेला एक तुकडा तसाच ठेवा, दुसरा स्पिरिट आणि ड्राय आइसमध्ये उणे ७० च्या खाली दोन तास बुडवा. उरलेलं मऊ ऑस्टेनाइट या थंडीत बदलून कडक होतं; भट्टी थंड असेल तर ते फारसं नसतं, म्हणून फरक नगण्य पडतो. आमचा तुकडा ५६ वरून ६० च्या वर गेला. म्हणजे जास्त तापत होतं. दुसरं तपासलेलं थर्मोकपल जॉबला टेकवून हातातल्या मीटरवर पाहिलं : पॅनेलवर १०२०, आत १०९०.

७० अंश कुठून आले? केबल दोन्ही टोकांना उलटी जोडली होती. एकाच टोकाला उलटी असती तर तापताना आकडा खाली पळाला असता आणि लगेच कळलं असतं. दोन्हीकडे उलटी असली की आकडा वरच चढतो, फक्त कमी दाखवतो, आणि तो थर्मोकपलचं डोकं (केबल जोडतात ते टोक) नि पॅनेल यांच्या तापमानातल्या फरकाच्या दुप्पट. डोकं ६० वर, केबिन २५ वर. फरक ३५, चूक ७०. पॅनेल भट्टीजवळ होतं तेव्हा हीच चूक पाच-दहा अंशांतच राहिली असती. इलेक्ट्रिशियनचंही नवल नाही. त्याला लाल म्हणजे प्लस ठाऊक. अमेरिकन रंगांच्या के-टाइप (थर्मोकपलची एक जात) केबलीत लाल मायनस असते आणि पिवळी प्लस. रंग देशागणिक बदलतात, म्हणून रंगावर जाऊ नका. के-टाइप थर्मोकपलच्या दोन तारांपैकी चुंबकाला चिकटते ती अॅल्युमेल या मिश्रधातूची, म्हणजे मायनस. केबलीचं एक टोक पिळून गरम पाण्यात धरा, दुसऱ्या टोकाला मिलिव्होल्टमीटर लावा. आकडा अधिक आला की मीटरच्या प्लसला लागलेली तार प्लस.

बिघडलेल्या डाय तशाच पुन्हा भट्टीत घालू नका, तडकतात. आधी ८७० ला अॅनीलिंग (सावकाश थंड करून मऊ करणं), ताशी १०-१५ अंशांनी उतरवत. मग ६५० आणि ८५० ला थांबे घेऊन १०२०. जॉब ५०-६० अंशांवर आला की लगेच टेम्परिंग (ठिसूळपणा घालवायला पुन्हा बेताचं तापवणं), दोनदा, मध्ये पूर्ण थंड करून. उद्या सकाळी करू म्हणणाऱ्याची डाय रात्रीच चिरते. हार्डनेस घेताना वरचा डीकार्ब (कार्बन उडालेला) थर आधी घासून काढा.

काकांच्या अकरा डाय अशा वाचवल्या. बाकीच्यांपैकी बऱ्याच पार्ट्या दीड वर्षात एकेक करून परतल्या, काही अजून आलेल्या नाहीत.

सरांना तो आलेख पुन्हा काढून दाखवला तेव्हा त्यांनी अक्षांवर एकक लिहिलेलं नाही एवढंच सांगितलं. आता लिहिलंय. आलेख केबिनमध्ये पॅनेलच्या वर लावलेला आहे, आणि चुंबक दाराला दोरीनं बांधलंय, कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून.