हवा आली, कोळसा कुठाय?

रविवार, रात्री साडेअकरा

हाताचा पेट्रोलचा वास काही जात नाही. दोनदा साबण लावला, कपडे धुवायची पावडर चोळून झाली. असू दे. आज जिप्सी सुपरचार्जरवर चालली, म्हणजे पट्ट्यानं फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंपावर.

मागचे तीन रविवार नुसते पट्ट्यात गेले. सुपरचार्जर जुना, जपानी, आयसिनचा, एका फेऱ्यात 500 सीसी हवा ढकलणारा. इंजिन 1298 सीसीचं. फोर स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) एका फेऱ्याला निम्मीच, 649 सीसी हवा ओढणार. दोन्ही एकाच वेगानं फिरवली तर सुपरचार्जर हवा द्यायच्या ऐवजी इंजिनाचा गळाच आवळणार. म्हणून क्रँकवर 125 मिमीची पुली आणि वर सुपरचार्जरला 70 ची. म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्याला जवळपास 890 सीसी. गळती धरूनही बाहेरच्या हवेपेक्षा पाच पीएसआयच्या आसपास जादा दाब मिळावा. वहीत सगळं सरळ दिसत होतं.

सुपरचार्जर बसवायचा ब्रॅकेट उद्यमनगरात करून घेतला. पहिल्याच दिवशी पट्टा किंचाळायला लागला आणि दोन मिनिटांत कडेनं उसवला. लेथवाल्या मामांना फोन केला तर संध्याकाळी शटर ओढून स्कूटरवरून घरीच आले. खिशातून दोरा काढला, खालच्या पुलीच्या तोंडाला चिकटवून वरपर्यंत ताणला. वर दोरा आणि पुली यांच्यामध्ये नखाएवढी फट.

"दोन मिली हाय भावा. पट्ट्याला दोन मिली म्हंजे लई झालं."

मी वॉशर घालू का विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत विचारलं नाही. ब्रॅकेट काढून घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी फेसिंग मारून, म्हणजे लेथवर तोंड सपाट करून दिला. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा झाला.

या सगळ्यात आबा लांब खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे. 'चांगल्या गाडीचं वाटोळं' एवढंच त्यांचं मत. आयुष्य शिरोलीच्या फाउंड्रीत गेलेलं. एके दिवशी सुपरचार्जर बाकावर उघडा होता तर उठून आले, बोटानं रोटर फिरवला. एकमेकांत गुंतून फिरणारे ते दोन रोटर बघून त्यांचा चेहराच बदलला. "अरे, ह्यो तर भट्टीचा ब्लोअर!"

चुकीचं काहीच नाही. अमेरिकेत रूट्स नावाच्या दोघा भावांनी 1860 साली याचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटार कुठे होती? लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालण्यातच याचं पहिलं आयुष्य गेलं. मी हे सांगितलं तर आबांना त्यात रस नव्हता. ते म्हणाले, "वारा वाढवला की कोक वाढवाय लागतोय. नायतर लोखंडच जळतंय. तुझ्यात कोळसा कोण टाकणार, तुझा आज्जा?"

नेमकं तिथंच दुखणं. गाडीच्या मूळ सेन्सरला बाहेरच्या हवेइतकाच दाब कळतो. आपलं कोल्हापूर उंचावर, चावी फिरवून इंजिन बंद असताना तो 95 किलोपास्कल दाखवतो. त्याच्या वर दाब गेला की पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा कॉम्प्युटर आंधळा. म्हणून मी बूस्टबरोबर, म्हणजे या जादा दाबाबरोबर, पेट्रोलचाही दाब चढवणारा रेग्युलेटर बसवलाय. आबांना म्हटलं, हा बघा कोळसा टाकणारा गडी.

आज चाचणी. गाडीत असे बदल करून रस्त्यावर फिरवायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, म्हणून काकांच्या मळ्यातली खाजगी वाट. दोन्ही बाजूला ऊस. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, बॉनेटखालून बारीक शीळ सुरू झाली आणि काटा शून्याच्या पलीकडे गेला. दोन. तीन. चार! ओरडणारच होतो, तेवढ्यात दुसऱ्या मीटरकडे लक्ष गेलं. बूस्टमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण बाराच्या आत हवं, तिथं 13.8 आणि वर चाललेलं, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. पाय उचलला. पिस्टन वाचला असावा.

बॉनेट उघडलं तर रेग्युलेटरची बारीक रबरी नळी निघून लोंबत होती. दहा मिनिटं नुसता बघत बसलो. गाडी बनल्यापासून इंजिनानं या नळ्या आत ओढल्यात. ओढल्यावर नळी आपोआप घट्ट बसते, क्लिप लागतच नाही. आज पहिल्यांदा आतून ढकललं. ऑइल मोजायची डिपस्टिकही बोटभर वर आली होती, म्हणजे क्रँककेसमध्येही, इंजिनाच्या खालच्या पेटीत, दाब शिरतोय. पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे त्या पेटीतला धूर इंजिनात सोडणारी झडप, उलटा वारा अडवत नाही बहुतेक. ते पुढच्या रविवारी.

गाडी तिथंच शेडमध्ये झाकून स्कूटरवर परत निघालो, आबा मागे. कळंब्याजवळ त्यांनी विचारलं, "किती दाब म्हणालास?"

"चार पीएसआय."

"पाण्याच्या इंचात सांग."

गाडी चालवता चालवता गुणाकार केला. "एकशे दहा."

बराच वेळ मागून काही आवाज नाही. मग म्हणाले, "आमची भट्टी तीस-पस्तीसवर चालायची." आणि घराच्या वळणावर, "क्लिपा चांगल्या घे."